रात्रीचे नऊ

आज धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. मी गेले नाही. "तू नको येऊस हो, बायका बोलतात," असं सासूबाईंनी कालच सुचवलं होतं. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी इंजेक्शनांची खोकी आहेत. रोज रात्री नऊला माझ्या पोटाची चिमूट धरून नवरा सुई टोचतो. पहिल्यांदा त्याचा हात थरथरत होता. आता थरथरत नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटतं. शुक्राणू कमी आहेत ते त्याच्या रिपोर्टमध्ये. उपास, नवस, सल्ले मात्र माझ्या वाट्याला. त्यानं आईला एकदा खरं सांगायला हवं होतं. ते मी अजून माफ केलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं, जगात साधारण सहा प्रौढांमागे एकाला कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. म्हणजे आमच्या सोसायटीतही कुणी असणारच. १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्याला किती वर्षं झाली! तरी आमची बिलं कपाटात साड्यांखालीच.

भ्रूण सोडल्यावर शिंकायचीही भीती वाटते. मागच्या खेपेला बाराव्या दिवशी ऑफिसच्या बाथरूममध्ये लाल डाग दिसला. तोंड धुतलं, मीटिंगला जाऊन बसले.

संध्याकाळी जाऊ डबा घेऊन आली. केसांत अजून फुलांची वाडी होती. काही बोलली नाही, नुसता हात धरून बसली. नऊ वाजले तेव्हा तिनंच उठून फ्रिज उघडला.