घरच्या संगणकाचें दुखणें

गेल्या वैशाखांत आमच्या घरच्या संगणकानें अकस्मात् मौन धरलें. पंखा फिरे, शिट्या वाजत. पडदा मात्र काळा तो काळाच. वडिलांनीं अखेरच्या वर्षीं सांगितलेल्या आठवणी आम्हीं त्यांतच उतरवून ठेविल्या होत्या, व दुसरी प्रत केली नव्हती. आठवणींची तबकडी निराळी असते हें ठाऊक असूनहि आमचा जीव उडाला.

दुरुस्तीवाल्यानें पेटी न उघडतांच 'मदरबोर्ड गेला, नवाच घ्या' असा निकाल दिला. तो आम्हांस पटेना. अशा शिट्या बहुधा रॅमच्या पट्टीचा दोष सुचवितात, असें कळल्यावरून आम्हीं घाईनें नवी पट्टी आणली. तों ती खोबणींत बसेचना! आमची जुनी डीडीआर-३, २४० पिनांची. ही डीडीआर-४, २८८ पिनांची, आणि मधली खांचहि भलत्याच जागीं. पैसे गेले, वर सौभाग्यवतीचें हंसणें पदरीं पडलें.

शेवटीं वीज तोडून जुन्याच दोन पट्ट्या काढल्या, मुलाच्या खोडरबरानें त्यांच्या सोनेरी कडा हलकेच पुसल्या आणि एका वेळीं एकच लावून पाहिली. पहिलीनें शिट्या तशाच. दुसरीनें पडदा उजळला.

बिघडलेल्या पट्टीची जोडीदारीण अद्यापि आणावयाची आहे. त्यापूर्वीं आठवणींची प्रत निराळ्या तबकडीवर उतरविली. त्यांत वडिलांनीं आमच्याविषयीं काय म्हटलें आहे, तें पुन्हा वाचण्याचा धीर मात्र अजून झालेला नाहीं.