व्रत आणि रक्तशर्करा

सोलापूरच्या मंगळवार पेठेतील एका व्यापारी घरात मधुमेह पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. आजोबांना तो साठीत जडला, वडिलांना पन्नाशीत. आता मुलाचे वय ३८ आणि त्याचा एचबीए१सी ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा मानतात. "आपल्याकडे हा वारशानेच येतो," असे म्हणत वडिलांनी अहवाल गादीखाली सारला.

हा वारसा टळू शकतो का? चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी अशाच उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास भरभर चालणे, साखर व स्निग्ध पदार्थ कमी करणे आणि तंतुमय आहार वाढवणे असे नियम लावून दिले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ राहिले. वजन फारसे न घटताही हा लाभ झाला, हे विशेष. म्हणजे प्रयत्न व्यर्थ नाहीत. मात्र हमी कोणालाच नाही. सडपातळ माणसानेही निर्धास्त राहू नये. भारतीय बाळ वजनाने लहान असूनही शरीरात तुलनेने अधिक चरबी घेऊन जन्मते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले आहे.

जैन घराला यातील पथ्य नवे नाही. भुकेपेक्षा कमी जेवणे हे अवमौदर्य, तूप-गोडाचा त्याग हा रसपरित्याग. दोन्ही बाह्य तपांत मोडतात. पण व्रताचे शब्द उरले आणि आशय निसटला. सूर्यास्तापूर्वी घाईघाईने पुरी-श्रीखंड उरकायचे, एकाशनात दिवसभराचे अन्न एका बैठकीत घ्यायचे, पारणे गोडानेच सोडायचे आणि पुन्हा गादीवर बसायचे, याने रात्रीभोजनत्याग पाळला जातो, संयम नव्हे. मंगळवेढ्याची ज्वारी हाताशी असताना ताटात मैदा असतो. भाकरीसुद्धा मोजूनच खावी लागते, हे वेगळे सांगणे न लगे.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्यांना गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज उपवास करू नये. साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.

त्या घरातील सुनेने चातुर्मासाच्या प्रारंभी गादीखालचा अहवाल काढून देवघराशेजारी ठेवला. पती आता दुकान उघडण्याआधी सिद्धेश्वर तलावाकाठी चालून येतो. पहिले काही दिवस नुसते पाहणारे सासरेही आता त्याच्याबरोबर निघतात, आणि सुटीच्या दिवशी दहा वर्षांचा नातू त्यांच्या पुढे धावतो. पुढील तपासणी दिवाळीपूर्वी आहे. आकडा काय येईल, हे कोणालाच ठाऊक नाही. परंतु नातवाच्या वाट्याला केवळ रोगाचाच वारसा येऊ नये, एवढे त्या घराने ठरवले आहे.