नोंदीबाहेरचे रुग्ण

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात सतत खोकणारा कामगार दिसला की मनात येते, हा कुठल्या नोंदीत असेल? क्षयरुग्णाची माहिती कळवणे खासगी डॉक्टरांनाही 2012 पासून बंधनकारक आहे. ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदप्रणालीही त्याच वर्षीची. मात्र तिची खरी परीक्षा झाली औषधविक्रीच्या आकड्यांनी. 2014 मध्ये सुमारे 22 लाख क्षयरुग्ण खासगीत उपचार घेत होते, असा अंदाज संशोधकांनी त्यावरून 2016 साली मांडला. पूर्वीच्या समजुतीच्या हा दुप्पट-तिप्पट! नोंदवहीतील उणीव नोंदवहीबाहेरूनच दिसते, हे मला फार मोलाचे वाटते. अर्थात, विकलेल्या गोळीवरून निदान अचूक होते का, उपचार किती महिने चालला, हे समजत नाही. तिथे गृहीतके धरावी लागली. म्हणूनच अंदाजाच्या मर्यादा 12 ते 53 लाख इतक्या सैल राहिल्या.