शिराळ्याचे जाकीट

शिवणकामाचा मला गर्व होता, हे आधीच कबूल करून टाकते. पडदे, अभ्रे, नातींचे फ्रॉक, परकर-पोलकी, इतकेच काय पण आमच्या घरच्या पुरुषमंडळींचे लेंगेसुद्धा मी घरी शिवलेले. 'बाजारात कशाला टाकायचे पैसे?' हे माझे ब्रीदवाक्य. या गर्वाचे घर खाली झाले ते गेल्या श्रावणात, बत्तीस शिराळ्याला, आणि तेही एका बिनबाह्यांच्या जाकिटापायी!

झाले असे की, आईने एके दिवशी ट्रंकेतून तिचे हिरवे इरकली लुगडे काढले आणि माझ्यापुढे ठेवले. आईचे वय ८४. मामा तिच्याहून चार वर्षांनी धाकटे, शिराळ्यात एकटेच राहतात. मामींना जाऊन दोन वर्षे झाली. "त्याच्या जाकिटाच्या चिंध्या झाल्यात म्हणे," आई म्हणाली. "तू एवढी शिवतेस. थंडीच्या आत त्याला नवं शिवून दे. अस्तराला हे घे. मऊ झालंय. भाऊबीजेला त्यानंच दिलेलं." मी म्हटले, माप कळवा, इथूनच शिवून पाठवते. तर ती म्हणाली, "कापड तिथं आहे. तू जा."

तेव्हा मी गेले. रात्रीच्या एस.टी.ने पहाटे पेठ नाक्याला उतरले आणि तिथून पश्चिमेकडची गाडी धरली. पुणे-बंगळूर रस्ता सोडला की थोड्याच वेळात मुलूख बदलू लागतो. ऊस मागे पडत जातो, डोंगर जवळ येतात, भाताची खाचरे दिसू लागतात, आणि पाऊस असा भेटतो की जणू आपलीच वाट बघत थांबला होता! हे वारणेचे खोरे. वर चांदोलीचे जंगल आणि शिराळ्याच्या अंगणातून मोरणा. बत्तीस गावांचे म्हणून बत्तीस शिराळा, असे सांगतात. १९४९ साली सातारा जिल्ह्याची फाळणी होऊन दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले; पण मामांच्या बोलण्यात अजून 'आमचा सातारा' येतो. तालुक्यातल्या बिळाशीने १९३० साली जंगल सत्याग्रहात इंग्रज सरकारला घाम फोडला, ही गोष्ट सांगताना तर हमखास येतो!

आता त्या जाकिटाविषयी. ते घोंगडीचे होते. मामांच्या वडिलांची काळी घोंगडी मधे विरली, तेव्हा मामींनी तिचा चांगला अर्धा भाग कापून त्याचे जाकीट शिवले आणि आतून आपल्या लुगड्याचे अस्तर लावले. घोंगडीला अस्तर ही चैन नव्हे, गरज आहे. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ. सणगर लोक ती हाताने कातलेल्या सुताची विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी फळीसारखी ताठ असते. वापरून वापरून ती मवाळ होते, पण टोचायची काही सोडत नाही. पाठीवर पांघरली तर पाऊस अडवते. अंगालगत घातली तर माणूस खाजवून हैराण होतो.

उरलेला तुकडा मामींनी कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला होता. मामांनी तो काढून दिला. "एवढाच आहे हं," ते म्हणाले. मापून पाहिला. एक जाकीट बेताने निघेल, दुसरे नाही. चुकलेले कापड बदलून आणायला शिराळ्यात काय, साऱ्या महाराष्ट्रात कुठे दुकान नव्हते!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर घोंगडी पसरली, खडू घेतला, कात्री घेतली. तेवढ्यात शेजारच्या आक्का दिंडांचे ताट घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं बाई! पंचमीची कात्री? आणि ती शिराळ्यात?"

माझ्या लक्षातच नव्हते. नागपंचमीला चिरू नये, कापू नये, तवा ठेवू नये. म्हणून तर त्या दिवशी दिंडे उकडायची. मुंबईत आम्ही त्या दिवशी बिनदिक्कत भाजी चिरतो. पण इथे? गोरक्षनाथ भिक्षेला आले असता एक बाई मातीच्या नागाची पूजा करीत बसली होती, तिला त्यांनी विचारले, जिवंत नाग पुजशील का, आणि त्यातून गावाची प्रथा सुरू झाली, अशी इथली कथा आहे. पिढ्यान् पिढ्या शिराळकरांनी नाग पकडले, मडक्यांत सांभाळले, पुजले, मिरवले आणि पुन्हा रानात सोडले. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि पुढे उच्च न्यायालयाचे आदेश यांनंतर ती जुनी मोकळी रीत राहिली नाही. गावात यावर बोलणे काढले की अजून दोन तट पडतात. मला विचाराल तर नागाला लाह्या-दुधाची गरज कधीच नव्हती. पण ज्या गावाने नाग दिसला की काठी शोधायची नाही हे पोरांना शिकवले, त्या गावाला मी शहाणपण शिकवावे असेही मला वाटत नाही. असो. मी कात्री मुकाट्याने पिशवीत ठेवली.

दिवसभर काम नाही! मग गाव पाहिले. गर्दीतून वाट काढत अंबामातेच्या देवळाकडे गेले, मातीच्या नागावर लाह्या वाहिल्या. परतताना समर्थांच्या मारुतीला गेले. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी हा एक. उगवतीचा आणि मावळतीचा प्रकाश मूर्तीच्या मुखावर पडावा म्हणून देवळाला झरोके ठेवले आहेत. त्या दिवशी मात्र सूर्याचाच पत्ता नव्हता.

संध्याकाळी मामांनी जाकीट खुंटीवरून काढून दिले आणि मी ते उलटे करून दिव्याखाली धरले. कापता आले नाही, ही नागोबाची कृपाच म्हणायची! कारण सकाळीच कापले असते तर मी अस्तर वरच्या कापडाच्या मापानेच कापले असते. मामींनी पाठीमागे मधोमध अस्तराला वरपासून खालपर्यंत एक सैल चुणी दिली होती. घोंगडी ताणते, सुती लुगडे ताणत नाही. हात पुढे केला की पाठ रुंदावते, आणि चुणी नसेल तर अस्तर बगलेत टरकते. चुणी असूनही ते आता कडांना विरले होते. आतल्या बाजूला छातीशी एक चोरखिसा होता. शिलाई सगळी मशीनची, रुळासारखी सरळ. फक्त डाव्या बगलेखाली अस्तरावर वीतभर जागा हाताने शिवलेली, पांढऱ्या दोऱ्याने, आणि टाके कसे, तर एक लांब, एक आखूड, एक भलतीकडेच! मामींचे वाकळेचे टाके मी पाहिले होते, मुंगीच्या पावलांसारखे. म्हटले, त्या दिवशी घाईत असतील.

"मामा, हे उसवू का? सुटे भाग मिळाले की त्यावरून तंतोतंत बेतता येईल. मग पुन्हा शिवून देईन."

मामा म्हणाले, "ते नको."

"जसंच्या तसं शिवून देईन हो."

"नको बाळ. दुसरं काय करायचं ते कर."

दुसरी युक्ती होती. मी वर्तमानपत्रावर जाकीट पसरून शिवणीशिवणींवरून टाचण्या टोचत गेले. खालच्या कागदावर ठिपक्यांची रांग उमटली, ती पेन्सिलीने जोडली आणि पाठ, पुढे, गळा, मुंढा असे चारी आकार हाती आले. यात निम्मी रात्र गेली. घरी कुणी करून पाहणार असेल तर एक सांगते, कागदाखाली जाड सतरंजी घालावी, नाहीतर टाचण्या वाकतात.

षष्ठीला कापले. घोंगडीला कात्री लागताच कडेचे धागे असे सुटू लागले की हातात कापड आहे की जुनी केरसुणी, कळेना! मग प्रत्येक कडेला आधी हाताने गुंतवण घातली. मामींचे पायमशीन तेल देऊन चालू केले, जाड सुई लावली. आता माझ्या मूळ घोडचुकीकडे येते. मी फ्रॉक शिवतात तसे शिवले. खांदे जोडले, बगला जोडल्या, अस्तराचेही तसेच. मग दोघांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून पुढच्या कडा, गळा, घेर, दोन्ही मुंढे असे सगळीकडून टीप मारली. उलटवायला घेरात एक तोंड ठेवले होते. त्यातून ओढू लागले. थोडे आले, मग खांदे एकमेकांत अडकून बसले. जोर केला तर आतून कर्र आवाज आला. तासाभराने माझ्या मांडीवर जाकीट नव्हते, एक काळे-हिरवे गाठोडे होते. मामा ओसरीवरून बघत होते, पण बोलले काही नाहीत. आईच्या लुगड्याचा काठ त्या गाठोड्यातून डोकावत होता आणि मला तिच्या फोनची धास्ती वाटू लागली.

शेवटी गाठोडे पदराखाली झाकून पेठेतल्या एका शिंपीदादांकडे गेले. त्यांनी ते उलटेपालटे केले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

"ताई, बगला आधी शिवल्यात व्हय? बगला सगळ्यात शेवटी. खांदं जोडायचं, गळा, पुढं, मुंढं, घेर, समदं टिपायचं, बगला उघड्या ठेवायच्या. मग पुढचा एकेक पल्ला खांद्याच्या बोळातनं मागं ओढून काढायचा. की आपसूक सुलटं होतं. मग बगला. आन् अस्तराच्या एका बगलेला वीतभर दार ठेवायचं, ते हातानं मिटवायचं."

दार! म्हणजे मामींची ती वीतभर जागा. आदल्या रात्री उत्तर माझ्या हातात होते आणि मी त्याला घाई म्हणून मोकळी झाले होते.

"उसवा आता," ते म्हणाले, "पण माया कमी ठेवलीया तुम्ही."

शिवणीसाठी कडेला जे जास्तीचे कापड सोडतात त्याला आपण माया म्हणतो. पॉपलिनला अर्धा इंच पुरतो, तेवढीच सवय हाताला. सुटणाऱ्या, जाड कापडाला इंचभर तरी हवी. उसवताना कडा आणखी झिजल्या आणि जाकीट बगलेत तोकडे झाले. शिंपीदादांनीच तोड काढली: घोंगडीच्या काठाची पांढऱ्या रेघांची पट्टी उरली होती, ती दोन बोटे रुंद अशी दोन्ही बगलांत जोडायची. गळपट्टीची आतली बाजूही त्यांनी घोंगडीची करू दिली नाही, लुगड्याचीच करायला लावली. जाडावर जाड आले की गळपट्टी मुडपत नाही, उभीच राहते. आणि काजांचा तर नादच सोडायला सांगितला. अशा कापडात काज फाटून भोक होते. त्याऐवजी बंद लावले, जुन्या बाराबंदीसारखे. बटणे येण्याआधी आपल्या पणजोबांचे सारे आयुष्य बंदांवर गेले, मामांचे एक जाकीट का जाऊ नये?

पुढे चार दिवस पाऊस, मशीन आणि मी. गोलाईला कात्रीने खाचा दिल्या, आतली माया पायरीपायरीने कमी केली म्हणजे कडेला गाठ येत नाही, ओले फडके ठेवून प्रत्येक शिवण इस्त्रीने बसवली. पल्ला खांद्यातून मागे ओढला तेव्हा श्वास रोखला होता. तो सळकन बाहेर आला! दुसराही आला. बगला शिवल्या, वीतभर दार ठेवले आणि मोठ्या ऐटीत मामांना हाक मारली.

मामांनी जाकीट चढवले. आरशात पाहिले नाही. बगलेतल्या पांढऱ्या रेघांवरून बोट फिरवले, "आबांच्या घोंगडीचा काठ," म्हणाले. मग उजवा हात सवयीने आत छातीशी गेला आणि तिथेच चाचपडत राहिला.

चोरखिसा! मी साफ विसरले होते.

मला तर रडूच यायचे बाकी होते. पण दार अजून उघडे होते. त्यातून हात घालून अस्तराचा डावा भाग बाहेर खेचला, लुगड्याच्या उरलेल्या पदराचा खिसा त्यावर टिपला आणि सगळे पुन्हा आत लोटले. वीतभर जागा ठेवायला सांगणाऱ्या त्या शिंपीदादांना मनोमन हात जोडले. मग सुई घेऊन दार मिटवायला बसले, तर मामांनी हात पुढे केला.

"ते माझ्याकडं दे."

"तुम्ही?"

"त्या जाकिटाचंही मीच शिवलेलं. तिला त्या रात्री ताप होता. दुसऱ्या दिवशी मला लग्नाला जायचं होतं, एवढंच राहिलेलं. ती पडल्या पडल्या सांगत गेली, मी शिवलं. सकाळी उठून बघितलं आणि म्हणाली, उसवते आणि नीट करते. मी म्हटलं, राहू दे."

मी रिळांचा डबा पुढे केला. हिरवा दोरा अस्तराला मिळताजुळता होता. त्यांनी पांढरा घेतला. ओसरीच्या कडेला उजेडात जाऊन बसले आणि सुईत दोरा ओवू लागले. एकदा हुकला, दोनदा हुकला. मी उठून जवळ गेले.

"तू चहा टाक," मामा म्हणाले.