तळघरातली टाकी

इंदूरहून इकडे येऊन आठ वर्षं झाली. आमचं वूस्टर हे मॅसॅच्युसेट्समधलं टेकड्यांवर वसलेलं जुनं कारखान्यांचं गाव. इथली खास ओळख म्हणजे ‘थ्री-डेकर’ घरं: लाकडी, तीन मजली, मजल्यागणिक एक बिऱ्हाड आणि पुढे गॅलरी. वाड्यात वाढलेल्या माणसाला ती लगेच आपली वाटतात.

पायी फिरताना अनेक घरांच्या भिंतीतून बाहेर आलेले दोन लोखंडी पाइप दिसतात. एकाला झाकण असतं, दुसऱ्याचं तोंड खाली वळलेलं. आत तळघरात तेलाची टाकी असते. अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात आजही कितीतरी घरं तेलावर तापतात. आपल्या बंबासारखाच प्रकार, फक्त लाकडाऐवजी तेल जळतं आणि गरम पाणी किंवा गरम हवा घरभर फिरते.

नेहमीची टाकी २७५ गॅलनची, म्हणजे सुमारे १,०४० लिटरची. टँकरवाला रस्त्यावरून नळी ओढत आणतो आणि पहिल्या पाइपात तेल सोडतो. टाकीतली हवा दुसऱ्या पाइपातून बाहेर पडताना शिट्टी वाजते. आई इथे आली होती तेव्हा म्हणाली, “कुकर लावलाय का रे कुणी?” पण हिशोब कुकरच्या उलटा. शिट्टी वाजतेय तोवर सगळं ठीक. ती थांबली की टाकी भरत आली, तेल बंद करायचं. सुरुवातीलाच शिट्टी वाजली नाही, तर भरणं तिथेच थांबवायचं. म्हणून हवेच्या पाइपावर बर्फ साचू द्यायचा नाही, आत गांधीलमाशांचं घरटं होऊ द्यायचं नाही.

लोखंडी टाकी बहुधा आतून सडते. हवेतल्या ओलाव्याचं पाणी होतं, ते तेलापेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि गंज धरतो. बाहेरून रंग मात्र शाबूत. आम्ही घर घ्यायला निघालो तेव्हा तपासनिसाने टाकीच्या पोटाखालून बोट फिरवलं. बोटाला लालसर तेल लागलं. या तेलात ओळखीसाठी लाल रंग मिसळलेला असतो. मुलीची खेळायची जागा आम्ही त्याच तळघरात ठरवली होती. नवी टाकी बसल्यावरच आम्ही सामान हलवलं.

जमिनीत मुरलेलं तेल काढणं फार महागात पडतं. गावाबाहेर घरोघरी स्वतःची विहीर असते, तिथे पिण्याचं पाणीच जातं. साध्या घरविम्यात हा खर्च अनेकदा धरलेला नसतो, तेव्हा पॉलिसी वाचून घ्यावी. टाकीपासून बर्नरपर्यंतची तांब्याची नळी काँक्रीटखाली उघडी पुरली असेल तर तीही सडते. म्हणून या राज्यात ३० सप्टेंबर २०११ पर्यंत नळीला संरक्षक आवरण किंवा सुरक्षा व्हॉल्व्ह बसवणं कायद्याने सक्तीचं झालं.

आणखी एक गोष्ट. कुणी तेल सोडून गॅस घेतला आणि टाकी काढली, तर बाहेरचा भरणाचा पाइपही काढायलाच हवा. नाहीतर पत्ता चुकलेला टँकरवाला त्यातून शेकडो गॅलन तेल थेट तळघरात ओततो. असे प्रकार खरोखर घडले आहेत.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं इकडे आहेत. ऑक्टोबरात फोन कराल तेव्हा थंडीची चौकशी कराच, पण हेही सांगा: टाकीखाली एक पुठ्ठा ठेव आणि तो कोरडा आहे ना, हे दर आठवड्याला बघ.