उठू या का?

सिनेमा चालू असताना मधेच उठून घरी जावंसं वाटणे, या विषयावर मराठीत एखादा प्रबंध कसा झाला नाही याचं मला नवल वाटतं. आपल्याकडे याहून किरकोळ विषयांवर लोक डॉक्टर झालेले आहेत. हा तर घरोघरचा अनुभव. प्रेमात न पडलेला माणूस एखादेवेळी सापडेल, कविता न केलेला मराठी माणूससुद्धा नेटाने शोधल्यास सापडेल; पण थेटरातल्या काळोखात 'आता उठावं' असं ज्याला जन्मात एकदाही वाटलं नाही, असा गृहस्थ मला अजून भेटायचाय. आणि वाटल्याबरोबर जो खरोखरच उठून चालू लागला, असाही क्वचितच भेटलाय.

या दुखण्याची लक्षणं ठरलेली आहेत. चांगल्या सिनेमात थेटर नाहीसं होतं. वाईट सिनेमात ते स्पष्ट दिसायला लागतं. पंखे किती आहेत, त्यातला कुठला कुरकुरतो, पुढच्या गृहस्थांच्या टकलावर पडद्याचा उजेड कसा पडतो (नायिका रडली की निळसर, गाणं लागलं की गुलाबी) हे सगळं कळू लागतं. मग मनगट तिरकं करून घड्याळात पाहायचं. पाऊण तास झाला असेल अशी खात्री असते आणि काटा म्हणतो बारा मिनिटं! घड्याळ बंद पडलं असावं म्हणून माणूस ते कानाला लावून बघतो. ते चालू असतं. बंद पडलेला असतो तो सिनेमा. शेवटी नजर दारावरच्या 'बाहेर' या तांबड्या पाटीवर जाऊन स्थिरावते. पुढच्या दोन तासांत वाचण्यासारखं तेवढंच असतं.

मग माणूस उठत का नाही?

पैसे, हे आमच्या अण्णांचं उत्तर. अण्णा म्हणजे आमचे वडील. तीन महिन्यांतून एकदा ते आम्हां सगळ्यांना सिनेमाला नेत. खेळाच्या अर्धा तास आधी आम्ही थेटरात हजर. कारण सुरुवातीचा फिल्म्स डिव्हिजनचा वृत्तपट चुकला तर तिकिटातले तेवढे पैसे पाण्यात गेले, असा त्यांचा हिशेब. धरणाचं उद्घाटन, भातावरची कीड आणि कुठल्याशा मंत्र्यांचा परदेश दौरा, हे सगळं ते ज्या एकाग्रतेने बघत त्याच एकाग्रतेने पुढे नायक-नायिकेचं गाणं बघत. एकदा सिनेमा असा काही निघाला, की आई तासाभरात म्हणाली, "माझं डोकं दुखतंय हो. जाऊ या का घरी?"

अण्णा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "घरी जाऊनही ते दुखणारच. इथे निदान त्याचे पैसे भरलेत."

अण्णांचा हा सिद्धान्त पुढे अमेरिकेत सिद्ध झाला. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटं काढायला लोक आले, तेव्हा काहींना पूर्ण किमतीत म्हणजे पंधरा डॉलरला तिकीट दिलं, काहींना दोन डॉलरची सूट दिली आणि काहींना सात डॉलरची. नाटकं सगळ्यांना तीच, खुर्च्याही त्याच. पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरणारे लोक सूटवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना येऊन बसले. गेलेला पैसा परत यायचा नसतो. तरी माणूस त्याच्यामागे आणखी तीन तास घालवतो. हंगामाच्या उत्तरार्धात मात्र हा फरक म्हणण्यासारखा उरला नाही. तिथे ते अण्णांपुढे कमी पडले. अण्णांना १९६४ सालच्या तिकिटाचा दर १९९० साली आठवत होता.

दुसरं कारण भौगोलिक. ज्या सिनेमातून उठावंसं वाटतं त्याची तिकिटं नेमकी रांगेच्या मधोमध मिळालेली असतात. घरापर्यंतच्या प्रवासातला सगळ्यात खडतर टप्पा म्हणजे बारा जोड्या गुडघे. त्यातही जाती आहेत. काही गुडघे सज्जन. तुमची चाहूल लागताच आपोआप बाजूला होतात. काही तत्त्वनिष्ठ, ते हलत नाहीत, त्यांच्यावरून तुम्ही चढून जायचं. आणि काहींच्या मांडीवर पिशवी, पिशवीवर डबा आणि डब्यावर झोपलेलं पोर असतं. त्यात आपण उठल्याबरोबर आपली खुर्ची 'धाड्' करून मिटते. पडद्यावर नायकाची आई शेवटचा श्वास घेत असते, सगळीकडे शांतता असते आणि अडीचशे माणसं मान वळवून तुमच्याकडे बघतात. त्या दृष्टीत म्हातारीचा खून तुम्हीच केल्याचा आरोप असतो. त्यापेक्षा बसलेलं बरं.

तिसरं कारण आशा. पुढे काहीतरी होईल. या आशेला 'शोले'ने फार खतपाणी घातलं. १९७५ च्या ऑगस्टमध्ये तो लागला तेव्हा पहिल्या काही दिवसांत धंद्यातल्या जाणत्यांनी तो पडला असं ठरवून टाकलं होतं. आणि पुढे मुंबईच्या मिनर्व्हात त्याने पाच वर्षं मुक्काम ठोकला. तेव्हापासून कुठलाही सिनेमा पडतोय असं वाटलं, की आपलीच समज कमी पडत असेल अशी शंका येते. १९७० सालच्या 'मेरा नाम जोकर'मध्ये तर चार तासांत दोन मध्यंतरं होती. म्हणजे सुटकेच्या दोन संधी. आमच्यापैकी कुणी एकही घेतली नाही. पहिल्या मध्यंतरात वडा खाल्ला, दुसऱ्यात चहा प्यायलो आणि परत आत.

मध्यंतर हा वास्तविक पळून जायचा राजमार्ग. दिवे लागलेले, गुडघे उठलेले, दारं सताड उघडी. पण तिथे ओळखीचा माणूस भेटतो. तो विचारतो, "कसा वाटतोय?" आपण म्हणतो, "फोटोग्राफी चांगली आहे." आता, लग्नाच्या बाजारात 'मुलगा स्वभावाने चांगला आहे' या वाक्याचा जो अर्थ, तोच सिनेमात 'फोटोग्राफी चांगली आहे' याचा. दोघांनाही तो कळतो. दोघंही मान हलवतात, कागदाच्या पुडीतले शेवटचे खारे दाणे तोंडात टाकतात आणि घंटा झाल्यावर आज्ञाधारकपणे आत जाऊन बसतात. कारण त्याच्यादेखत जिना उतरून रस्त्याला लागायचं म्हणजे आपल्याला कळलं नाही असं कबूल करण्यासारखं.

फिल्म सोसायटीत तर हे भय पराकोटीला पोचतं. ऐन तारुण्यात मीही एका सोसायटीचा सभासद होतो. तिथे पडद्यावर एक बाई एका भिंतीजवळून चालायला लागे आणि भिंत संपेपर्यंत चाले. भिंती लांब असत. शेजारचा गृहस्थ डोळे मिटून घेई, ते चिंतनासाठी की कशासाठी हे विचारायची सोय नव्हती. उठायचं मात्र कुणी नाही. उठणाऱ्याची बौद्धिक पातळी दुसऱ्या दिवशी नाक्यावर जाहीर होत असे. आणि उठणाऱ्यांची फजिती झाल्याचे दाखलेही आमच्या तोंडावर फेकले जात. १९६० साली कानच्या महोत्सवात अँटोनिओनीच्या 'लाव्हेंतुरा'ची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि त्याच महोत्सवात परीक्षकांनी त्याला पारितोषिक दिलं! हे ऐकल्यावर कुणाची छाती आहे उठायची?

राजरोस उठून जाणारे भाग्यवान दोनच. एक, शेवटची गाडी गाठायची असणारा. त्याला कुणी नावं ठेवत नाही. कर्जतच्या माणसाला सगळं माफ असतं. दुसरा, रडणाऱ्या मुलाचा बाप. मूल रडलं, की चारी बाजूंनी 'श्शू' सुरू होतं आणि तो बिचारा पोराला खांद्यावर टाकून बाहेर पडतो. त्याच्या चेहऱ्यावर वैताग असतो, पाठीवर मात्र आनंद स्पष्ट दिसतो. वाईट सिनेमात एका पोरासाठी बाप, काका, मामा आणि एक लांबचा आतेभाऊ पुढे झालेले मी पाहिलेत. "द्या, मी घेतो त्याला," म्हणून पोराची ओढाताण. पोर तेवढ्यात गप्प झालं, तर त्याला हळूच चिमटा काढणारा मामाही मला ठाऊक आहे.

वेळ आली तर मराठी माणूस उठू शकतो, याला मात्र इतिहास साक्षी आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर थेटरातून खेळ संपल्यावर राष्ट्रगीत लावायची पद्धत पडली. नायक-नायिका शेवटच्या मिठीकडे वळली रे वळली, की निम्मं थेटर बसच्या रांगेकडे वळे. तीन तासांच्या छळाला जे हलले नाहीत त्यांना बावन्न सेकंद थांबवेनात. शेवटी ती पद्धतच मागे पडली, आणि २००३ साली महाराष्ट्रात राष्ट्रगीत परत आणलं ते सिनेमाच्या आधी. सरकारला प्रेक्षकाचा स्वभाव बरोबर कळला होता.

आणि आता ऐका. डिसेंबर २०२४ मध्ये पीव्हीआर आयनॉक्स कंपनीने दिल्ली आणि गुरुग्रामच्या थेटरांतून एक योजना काढली. तिकिटाला थोडे पैसे जास्त भरायचे आणि मधेच उठलात तर राहिलेल्या सिनेमाच्या मानाने पैसे परत! पाऊण सिनेमाहून जास्त शिल्लक असताना उठलं तर साठ टक्के, निम्म्याहून जास्त शिल्लक असताना उठलं तर पन्नास. तुम्ही खुर्चीत आहात की नाही, हे कॅमेरा बघणार. माझ्या नातीने ही बातमी वाचून दाखवली तेव्हा मला अण्णांचीच आठवण झाली. ते असते तर वहीत टक्क्यांचे रकाने आखून आले असते आणि चांगल्या सिनेमातूनसुद्धा आम्हांला बखोट धरून उठवलं असतं. "अजून नायिका सापडायची आहे, अण्णा!" "सापडेल ती. चला, पन्नास टक्के चाललेत!"

मला त्या योजनेचा उपयोग नाही. दिल्ली लांब आहे म्हणून नव्हे. माझी सगळी कारणं केव्हाच संपलीत. पैशाचं म्हणाल, तर तिकिटं नात मोबाइलवर काढते आणि किंमत मला कळू देत नाही. गुडघ्यांचं म्हणाल, तर सौ.च्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आमच्या खुर्च्या कडेच्या असतात. दार दहा पावलांवर. दुपारच्या खेळाला ओळखीचं कुणी सोडाच, अनोळखीसुद्धा सातआठच माणसं. आशेचं म्हणाल, तर पाचव्या मिनिटाला शेवट कळतो. शिवाय सत्तरी उलटल्यावर तीन तास ही काही उधळायची रक्कम नव्हे. घरी टीव्हीवर मी तिची इतकी कदर करतो, की रिमोट हातात असला की दहा मिनिटांत चार सिनेमांतून उठतो. एकही आठवत नाही.

थेटरातले वाईट सिनेमे मात्र मला एकूण एक आठवतात, कारण ते एकट्याने पाहिलेले नाहीत. चांगला सिनेमा एकट्याने बघता येतो. वाईटाला सोबत लागते. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही एक सिनेमा अखेरपर्यंत पाहिला. उठावंसं वाटत होतं, पण हिला आवडतोय अशी माझी समजूत. बाहेर आल्यावर बसच्या रांगेत म्हणाली, "तुम्ही इतके रंगला होतात, म्हणून मी बसले." घरी पोचेपर्यंत आम्ही दोघं त्या सिनेमाला हसत होतो. त्यातला एक संवाद आमच्या घरात अजून चालतो. आमटी खारट झाली की ही तो म्हणते.

हल्ली तिचा नियम असा, की नावं संपायच्या आत डोकं माझ्या खांद्यावर आणि डोळे मिटलेले. औषधांनी गुंगी येते. गेल्या महिन्यात असाच एक सिनेमा होता. वीस मिनिटांत माझी नजर तांबड्या पाटीवर गेली. दार दहा पावलांवर, खांद्यावर हिचं डोकं. 'उठू या का?' म्हणून विचारायला तिला आधी उठवायला हवं. त्यापेक्षा मी सिनेमाच नीट बघायला घेतला. नायकाच्या बहिणीचं नाव लक्षात ठेवलं, इस्टेटीचे कागद कुणाकडून कुणाकडे गेले तेही ध्यानात ठेवलं. कारण पुढचं मला माहीत होतं.

रिक्षा स्टेशनच्या पुलाखाली अडकली तेव्हा तिने विचारलं, "शेवटी त्या मुलीचं काय झालं हो?"

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. मुलीचं, भावाचं, कागदांचं. गाणी कुठे होती तेही सांगितलं. घर येईपर्यंत पुरलं.

"अगंबाई!" ती म्हणाली. "चांगला होता की! आणि तुम्ही मला उठवलं नाहीत?"