आमच्या बँकेतला फ्रेझर

या समूहावरच्या पेडणे-डिचोलीच्या जुन्या आठवणी मी नेमाने वाचतो, पण स्वतः लिहीत नाही. बँकेत आयुष्यभर नोटिंग लिहिलं, त्यामुळे चार ओळींच्या पुढे हात जात नाही. आज जातोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

२०२४ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. शनिवारची सकाळ. नातू टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलेला. माइक टायसन, वय ५८, आणि समोर जेक पॉल नावाचा २७ वर्षांचा इंटरनेटवरचा पोरगा. लढत कसली, टायसन बिचारा जड पायांनी फिरत होता. आठ फेऱ्या संपल्या, पॉल गुणांवर जिंकला. नातवाने विचारलं, "आजोबा, हा टायसन चांगला की वाईट? बाबा म्हणतात वाईट. तुरुंगात होता, कोणाचा तरी कान चावला. पण बघायला बाबाच पहिले बसले होते!"

कान होलिफिल्डचा, साल १९९७, एवढं मी सांगितलं. बाकीचं उत्तर काही जमलं नाही. कारण माझ्या डोळ्यांसमोर टायसन नव्हताच, महंमद अली होता. आणि अलीच्या मागून आमच्या डिचोली शाखेतला दप्तरी.

मी मूळचा पेडण्याचा. १९७१ साली पणजीला आल्तिनोवर धेंपो कॉलेजात कॉमर्स शिकत होतो. त्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला अली आणि जो फ्रेझर यांची पहिली लढत झाली. आम्हा पोरांना बॉक्सिंगमधलं शष्प कळत नव्हतं. पण वाचनालयात 'स्पोर्ट्सवीक' यायचा, त्यात अलीची बडबड यायची. मीच सर्वांत थोर, मीच सर्वांत देखणा, समोरचा अमुक फेरीत पडणार! आम्हा पेडणेकरांना हा प्रकार नवीन नव्हता. जत्रेत रात्रभर दशावतार बघत वाढलेली आम्ही मुलं. राक्षसपार्टी येतो, पाय आपटतो, स्वतःची थोरवी स्वतःच गातो, पखवाजवाला त्याला साथ देतो, आणि पेंगुळलेलं सगळं पब्लिक खडबडून जागं होतं. राजपार्टीसाठी कोणी जागत नाही हो, राक्षसासाठी जागतात. अली म्हणजे आमच्या लेखी इंग्रजी बोलणारा राक्षसपार्टी. फरक एवढाच, की दशावतारात राक्षस शेवटी मरतो हे ठरलेलं असतं. इथे कोण मरणार ते ठाऊक नसायचं. त्या पहिल्या लढतीत अली पडला. पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या ठोशाने उताणा झाला, उठला, पण हरला. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आमच्या घरी मात्र अलीवरून दोन तट. थोरले मामा सत्याग्रही, पोर्तुगीजांच्या काळात आग्वादच्या तुरुंगात राहून आलेले. त्यांना बढाईखोर माणूस अजिबात चालत नसे. "जो करतो तो बोलत नाही," हे त्यांचं नेहमीचं. पण व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात जायला अलीने १९६७ साली नकार दिला, त्यापायी विजेतेपद गेलं, परवाना गेला, पाच वर्षांची शिक्षा झाली आणि ती १९७१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रद्द केली, हे मी त्यांना पेपरातून वाचून दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तोंडाळ आहे, पण किंमत मोजली त्याने." त्यानंतर ते अलीला शिव्या देत, पण दुसऱ्या कोणाला देऊ देत नसत.

१९७३ ला बँकेत लागलो, क्लार्क-कम-कॅशियर, डिचोलीला. बँकेचं नाव लिहीत नाही. तेव्हाची डिचोली म्हणजे खाणींचं गाव. खनिजाचे ट्रक, लाल धूळ, पगाराच्या दिवशी काउंटरवर झुंबड. शर्टाची कॉलर संध्याकाळपर्यंत विटकरी. शाखेत अलीचे दोन पक्ष होतेच. म्हापशाकडचा एक बार्देशकर सहकारी होता, त्याचा भाऊ नैरोबीला. तो फ्रेझरवाला. म्हणायचा, "तुमचो अली भाशण करता, फ्रेझर काम करता." ठोसा कसा मारतात हे त्या एकट्यालाच कळत असावं. बाकी आम्ही सगळे अलीवाले, कारण त्याच्या बाजूने बोलायला मजा यायची.

३० ऑक्टोबर १९७४ चा बुधवार विसरणार नाही. किन्शासाला जॉर्ज फोरमनशी लढत. फोरमन २५ वर्षांचा, एकदाही न हरलेला, फ्रेझरला दोन फेऱ्यांत लोळवलेला. अली ३२ चा. तिथे पहाटेचे चार, आपल्याकडे सकाळचे साडेआठ. बँकेसमोरच्या हॉटेलात रेडिओ होता. शाखा उघडायच्या आधी बीबीसीच्या बातम्या लागल्या, खरखरीतून फक्त अलीचं नाव आणि आठवी फेरी एवढं ऐकू आलं. हॉटेलवाल्याने त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत. त्याच दिवशी कोजागरी, म्हणजे पेडण्याची पुनाव! अर्धी रजा टाकून बसने घरी गेलो. तरंगं, ढोल, माणसांचा पूर, आणि मी त्या गर्दीत मामांना शोधतोय. सापडले तेव्हा ओरडूनच सांगितलं, की अली दोरीला टेकून नुसता मार खात राहिला, समोरचा दमला आणि मग याने त्याला पाडलं. (हे तपशील मागून कळले असणार. पण त्या रात्रीच सांगितल्याचं मला आठवतं, त्याला मी काय करू?) मामा म्हणाले, "मार खाऊन जिंकला? मग आमचाच म्हणायचा!"

आता दप्तरीकडे येतो. त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

आमचा दप्तरी डिचोलीजवळच्याच एका वाड्यावरचा. ठेंगणा, रुंद, वर्णाने काळा, मान खाली घालून काम करणारा. लेजर, व्हाउचर, जुन्या फाइली, सगळं त्याला तोंडपाठ. बोलायचा कमी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, मला "बाबू" म्हणायचा आणि अरे-तुरे करायचा. मला ते आवडायचं, शाखेत नवखा होतो ना.

१९७४ च्या मे महिन्यात खाणीच्या पगाराच्या दिवशी माझी कॅश जुळेना. अडीचशे रुपये कमी. तेव्हा तो माझा जवळजवळ अर्धा पगार होता. कॅशियरची तूट कॅशियरने त्याच दिवशी भरायची, हा नियम. मॅनेजरसाहेब घड्याळ बघत बसलेले. दप्तरीने माझ्याबरोबर दोनदा सगळ्या गड्ड्या मोजल्या, कचऱ्याची टोपली उलटी केली. मग काही न बोलता सायकल काढून घरी गेला आणि तासाभराने अडीचशे रुपये घेऊन आला. पावसाआधी घर शाकारायला, नळे घ्यायला ठेवलेले पैसे होते ते. मी तीन हप्त्यांत फेडले. त्या पावसात त्याचं घर गळलं हे मला फार उशिरा, तेही दुसऱ्याकडून कळलं.

आणि त्याच माणसाचं नाव मी "फ्रेझर" ठेवलं.

पहिल्यांदा चहाच्या वेळी सहज म्हणालो. ठेंगणा, काळा, गप्प, सतत पुढे झुकलेला, अगदी फ्रेझर! सगळे हसले. तोही हसला. नाव चिकटलं. मॅनेजरसुद्धा "फ्रेझरला सांगा, फाइल काढा" म्हणू लागले. काउंटरवरच्या गिऱ्हाइकांनी उचललं, गिऱ्हाइकांकडून वाड्यावर गेलं.

मग १ ऑक्टोबर १९७५, मनिला. तिसरी लढत. लढतीच्या आधी अलीने फ्रेझरला गोरिला म्हणून हिणवलं, त्यावर यमक जुळवलं, पत्रकारांसमोर खिशातून रबरी गोरिला काढून त्याला ठोसे मारले. आम्हाला ही विनोदाची परमावधी वाटली. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरचे डोळे इतके सुजले, की त्याच्या गुरूने, एडी फुचने, त्याला पंधराव्या फेरीला उठू दिलं नाही. अली जिंकला. त्या आठवड्यात मी बाजारातून एक रबरी माकड आणलं. चहाच्या वेळी खिशातून काढलं, दप्तरीच्या टेबलावर ठेवलं आणि त्याला ठोसे मारत अलीची नक्कल केली. नक्कल मला चांगली जमायची. लोक अक्षरशः टेबलं बडवून हसले.

तो हसला नाही. माकड उचलून त्याने खिडकीत ठेवलं आणि व्हाउचर शिवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी एक रजिस्टर मागितलं. त्याने आणून दिलं आणि म्हणाला, "घेयात, सायब." घे बाबू नाही. घेयात, सायब. मला ऐकू आलं, मी न ऐकल्यासारखं केलं. १९७८ ला माझी बदली झाली, तोपर्यंतची तीन वर्षं तो मला "सायब" आणि "तुमी" म्हणत राहिला. कामात कधी कसूर नाही, बोलण्यात कधी कडवटपणा नाही. फक्त "बाबू" गेलं.

मॅनेजर हसले होते, सगळे हसले होते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत होतो. पण नाव मी ठेवलं होतं आणि माकड माझ्या पैशांचं होतं.

पुढे अली उतरणीला लागला. १९८० च्या सुरुवातीला भारतात आला, दिल्लीत आपल्या कौर सिंगबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळला. (याच सुभेदार कौर सिंगने १९८२ च्या आशियाईत हेवीवेटचं सुवर्ण घेतलं.) त्याच वर्षी होम्सकडून अलीची जी दशा झाली ती वाचवत नव्हती. मग कंपवात. १९९६ ला अटलांटाला थरथरत्या हाताने ज्योत पेटवताना टीव्हीवर बघितला तेव्हा मामा हयात नव्हते, याचं वाईट वाटलं.

या मधल्या काळात, नैरोबीवाल्याच्या भावाने आणलेल्या एका जुन्या मासिकात मी वाचलं, की अलीवर बंदी होती तेव्हा त्याला पैशांची मदत करणाऱ्यांत आणि परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकणाऱ्यांत फ्रेझर होता. आणि अलीच्या असल्या बोलण्यामुळे फ्रेझरच्या मुलांना शाळेत चिडवत. मासिक मिटून ठेवलं. जुळवून लिहितोय असं कोणाला वाटेल, पण मी काय जुळवणार? अडीचशे रुपयांचा तो हिशेब मलाच ठाऊक होता.

२०११ ला मी निवृत्त झालो. त्याच नोव्हेंबरात फ्रेझर वारला. अली, स्वतः धड बोलू न शकणारा, फिलाडेल्फियाला अंत्यसंस्काराला गेला. ते वाचून दोन दिवसांनी मी स्कूटर काढली आणि डिचोलीला गेलो. खनिजाच्या ट्रकांची रांग तेव्हा संपता संपत नसे. लाल धुळीतून वाट काढत त्या वाड्यावर पोचलो. दुकानात दप्तरीचं नाव घेऊन घर विचारलं. दुकानदार तरुण, त्याला कळेना. आडनाव सांगितलं, त्या आडनावाची सात घरं. शेवटी तोंडातून निघालंच, "बँकेंतलो फ्रेझर."

"हां! फ्रेझरागेर?" म्हणाला आणि लगेच बोट दाखवलं.

म्हातारा सोप्यावर बसला होता. साखरेने पाय गेलेले, पण ओळखलं चटकन. "येयात सायब, बसात." चहा आला. इकडचं तिकडचं झालं, कोण गेलं, कोण आहे. मला विषय काढता येईना. त्यानेच काढला.

"तो फ्रेझर मेलो न्ही? पेपरार आयलां."

मी हो म्हटलं. सगळं एका दमात बोललो, माकडाचं, नळ्यांचं, सगळं. तो ऐकत होता. मग विचारलं, अलीने त्याची माफी मागितली का कधी? मी सांगितलं, २००१ ला, तीही एका वर्तमानपत्राच्या मुलाखतीतून. समोर जाऊन मागितली नाही म्हणून फ्रेझर बराच काळ नाराज होता.

"तुमी घरा आयलात," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "पूण भुरग्यांक खूब चिडयताले, सायब." मुलाने त्या नावापायी सातवीत शाळा बदलून घेतली होती. मला ते माहीत नव्हतं. निघताना तो काठी टेकत पायरीपर्यंत आला. "सायब"च म्हणाला.

दोन वर्षांनी तो गेला.

हे सगळं त्या शनिवारी नातवाला सांगितलं. वाटलं होतं मध्येच उठून जाईल, पण बसला. टीव्हीवर टायसनच्या जुन्या लढती दाखवत होते, त्याने आवाज बंद केला.

"आणि त्या आजोबांचं खरं नाव काय?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, आडनावासकट. इथे लिहीत नाही, त्यांची नातवंडं डिचोलीतच आहेत आणि त्यांतलं कोणी हा समूह वाचत असेल.